पडवीत उतरलेला हत्ती: जागेचं भान असलेला हातातला पडदा घरच्या घरी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला एक हत्ती आहे. लांबी साधारण १८ मीटर, रुंदी १३. त्याच्याजवळ जाऊन उभे राहिलात तर हत्ती काही दिसत नाही. पायाशी एक चर दिसतो, तो वळत वळत पुढे जातो, मध्येच दुसरी रेघ त्याला येऊन मिळते. मोबाईलवर फोटो बघावा तर उलटी पंचाईत होते. हत्ती दिसतो, पण त्याच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी मुंगीएवढे होतात. बोटांनी फोटो मोठा करत गेलं की आपण हत्तीच्या नेमक्या कुठल्या भागावर आहोत हेच विसरायला होतं.

ही अडचण मिटवायला मी पडवीत जे बांधलं, ते कसं बांधायचं हे इथे सांगतो. एक पांढरी फळी हातात धरायची आणि जमिनीवरून सरकवायची. फळी जिथे जाईल तिथला कातळ फळीवर दिसतो. फळी वर उचलली की हत्ती लहान होत होत अख्खा तिच्यात मावतो, खाली आणली की पुन्हा चर दिसायला लागतात. फळीला वायर नाही, बॅटरी नाही. तो सनबोर्डचा तुकडा आहे, फ्लेक्सवाल्याकडे मिळतो तो. चित्र वर टांगलेल्या प्रोजेक्टरमधून पडतं, फळी कुठे आहे ते वेबकॅम बघतो, हिशेब लॅपटॉप करतो.

कल्पना जुनी आहे. टोरंटो विद्यापीठात जॉर्ज फिट्झमॉरिस याने १९९३ साली ‘कॅमेलियन’ नावाचा प्रयोग केला. चार इंची छोटा पडदा, त्याला स्वतःची जागा आणि कल सांगणारा सेन्सर, आणि चित्र तयार करायला शेजारी मोठं वर्कस्टेशन. २००३ मध्ये का-पिंग यी याने हातातल्या छोट्या पडद्याला मोठ्या चित्रावरची खिडकी केलं. २००८ मध्ये जॉनी चुंग ली याने निन्टेन्डोच्या ‘वी’ या व्हिडिओ गेमच्या रिमोटमधला इन्फ्रारेड कॅमेरा वापरून घडी घालता येणारे पडदे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत माग्देबुर्गच्या मंडळींनी ‘पेपरलेन्स’ केलं: टेबलावर कागद वरखाली धरायचा, उंचीप्रमाणे त्यावरची माहिती बदलते. आपण बांधणार आहोत तो या शेवटच्या दोघांचा गरीब चुलतभाऊ.

यात स्वस्ताईचं गुपित एवढंच की पडदा मठ्ठ ठेवायचा. अक्कल सगळी वर, छपराखाली. आणि ट्रॅकिंग, म्हणजे फळीचा माग काढणं, हाताला फरक कळेल तितपतच अचूक करायचं, त्याच्या पुढच्या अचूकतेला पैसे घालायचे नाहीत.

सामान

माझा हिशेब असा झाला: सेकंड हँड प्रोजेक्टर साडेसात हजार, वेबकॅम दीड हजार, सनबोर्ड, प्रिंट, तार आणि खिळेमोळे मिळून पाचशेच्या आत. लॅपटॉप घरात होताच, सात वर्षांचा. ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

प्रोजेक्टर घेताना खोक्यावरच्या ‘१०८०पी सपोर्ट’ या शब्दांना भुलू नका. सपोर्ट म्हणजे तेवढं चित्र तो आत घेतो. बाहेर टाकताना मूळ पॅनेल ८००×४८० चंच असू शकतं. दुकानदाराला ‘नेटिव्ह रेझोल्यूशन किती’ एवढंच विचारा, आणि उत्तर द्यायला त्याला वेळ लागला तर समजून घ्या. आपल्याला १२८०×८०० पुरतं. १.८ मीटर रुंद जागेवर १२८० ठिपके पसरले की एक ठिपका सुमारे १.४ मिलिमीटरचा होतो. ४० सेंटिमीटरच्या फळीच्या वाट्याला आडवे २८०-२८५ ठिपके येतात. रेघा, चित्रं, मोठी अक्षरं यांना चालतात, बारीक मजकुराला नाही. पुस्तकाचं पान वाचायचं असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

दुसरी पारख दिव्याची. जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरून दिवा गार करतो. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही. चालू प्रोजेक्टरची लाइट अशी पाच-सहा वेळा गेली की दिव्याचं आयुष्य घटतं. एलईडीवाला मिळाला तर तो घ्या, नाहीतर छोटा यूपीएस जोडा.

पायरी १: जागा आणि टांगणं

टेबल विसरा, जमीनच वापरा. दर १.४ मीटर अंतराला १ मीटर रुंद चित्र टाकणारा प्रोजेक्टर असेल तर १.८ मीटर रुंदीसाठी भिंग जमिनीपासून अडीच मीटर वर हवं. टेबलावर हे जमवायला छप्पर सव्वातीन मीटरच्या वर लागेल. कौलारू घराच्या पडवीत तुळई बरोबर या उंचीला सापडते, आणि माणसं चटईवर गोल बसली की बघायलाही बरं. १.८ मीटर रुंद जागेत कशेळीचा हत्ती दहास एक या प्रमाणात लांबीला चपखल बसतो (आडव्या बाजूला त्याला १.३ मीटर लागतात, १२८०×८०० चं चित्र तिथे १.१ मीटरच्या आसपासच पोचतं, म्हणून कडा थोड्या कापल्या जातात), पण एका वेळी प्रकाश फळीवरच पडतो. प्रोजेक्टर जी गोष्ट दाखवू शकतो त्यातली बहुतेक लपवून ठेवायची, असा हा खेळ आहे.

बरेच दिव्याचे प्रोजेक्टर सरळ खाली तोंड करून चालवायचे नसतात, माहितीपुस्तिका बघा. तसं असेल तर प्रोजेक्टर तुळईवर आडवा ठेवून पुढे ४५ अंशात आरसा लावा. बांधायला जीआय तार घ्या, सुतळी नको, आणि पकड निसटली तर झेलायला दुसरी सैल तारही बांधा. खाली मुलं बसणार आहेत.

वेबकॅम प्रोजेक्टरच्या भिंगाला जितका खेटून बसवता येईल तितका बसवा. आरसा असेल तर आरशाच्या कडेला. हे का, ते पुढे सांगतो. ही एक गोष्ट पाळलीत तर बाकीच्या निम्म्या चुका माफ होतात.

आता काही गोष्टी कायमच्या बंद करा. प्रोजेक्टरचं ऑटो कीस्टोन (तिरकं चित्र आपोआप चौकोनी करण्याची सोय) बंद. झूम आणि फोकसची कडी फिरवून झाली की त्यावर चिकटपट्टी. फोकस जमिनीवर न करता ३० सेंटिमीटर उंचीवर करा, म्हणजे फळी वर-खाली दोन्हीकडे थोडीथोडीच अंधुक होईल. वेबकॅमचा ऑटोफोकस आणि ऑटो एक्स्पोजर दोन्ही बंद. एक्स्पोजर सेकंदाचा शंभरावा भाग ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्याच्याशी हे जुळतं. याहून कमी केलंत आणि प्रोजेक्टर डीएलपी, म्हणजे फिरत्या रंगचक्रातून एकेक रंग पाळीपाळीने टाकणारा असला तर कॅमेऱ्याला लाल-निळे पट्टे दिसायला लागतात.

आणि काचेचं कौल! पडवीत उजेडासाठी एखादं असतंच. सकाळी दहाला सगळं चालत होतं आणि साडेअकराला फळी सापडेना, म्हणून मी तासभर कोड चाळत बसलो होतो. शेवटी खाली बघितलं तर उन्हाचा चौकोन सरकत सरकत बरोबर मधोमध आलेला. कौलावर गोणपाट टाकलं, प्रश्न मिटला.

पायरी २: फळी

५ मिलिमीटरचा पांढरा सनबोर्ड, ४० बाय ३० सेंटिमीटर. साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड घेऊ नका, खाऱ्या दमट हवेत जुलैपर्यंत त्याची होडी होते आणि वाकलेली फळी म्हणजे चुकलेलं गणित. थर्माकोल हलका असतो, पण त्याचे कोपरे आठवड्यात झिजतात.

फळीवर मार्कर चिकटवायचे: काळे-पांढरे चौकोन, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठात घडलेली ‘अरुको’ पद्धत फुकट आहे आणि ओपनसीव्ही या कॅमेऱ्याची चित्रं तपासणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. ४×४ घरांचा, ५० मार्करांचा संच निवडा. घरं जितकी कमी तितकी ती मोठी, आणि लांबून ओळखायला सोपी. काळा चौकोन ६ सेंटिमीटरचा केलात तर दोन मीटर रुंदीचा भाग बघणाऱ्या १२८०×७२० च्या वेबकॅमला तो साधारण ३८ ठिपके दिसतो, म्हणजे काळ्या किनारीसकट एका घराला सहा. एवढं पुरतं. काळ्या किनारीबाहेर बोटभर पांढरी जागा सोडा. ती नसेल तर मार्कर सापडतच नाही, आणि नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा हीच असते.

मार्कर चार लावा, पण चार कोपऱ्यांत नको. माणसं फळी ताटासारखी धरतात, खालच्या दोन कोपऱ्यांना, अंगठा वर. म्हणून दोन मार्कर वरच्या कोपऱ्यांत आणि दोन डाव्या-उजव्या कडेच्या मध्यावर. जागा नीट मोजून लिहून ठेवा. प्रिंट मॅट कागदावर, लॅमिनेशन न करता. चकाकीत प्रोजेक्टरचा दिवा दिसतो आणि मार्कर गायब होतो.

झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज काढ’ हे तोंडाने सांगा आणि प्रिंट हातात आल्यावर पट्टीने मोजा. माझी दुसरी फळी दुसऱ्या दुकानातल्या प्रिंटवर केली होती. ६० मिलिमीटरचा मार्कर ५८ चा आला. कॅमेऱ्याला लहान दिसलं म्हणजे लांब आहे, असा त्याचा साधा समज. २.४ मीटरवरची फळी त्याने जवळजवळ २.४८ वर धरली. आठ सेंटिमीटरची चूक! तरी फळीवरचं चित्र जेमतेम एक सेंटिमीटर सरकलं, कारण कॅमेरा प्रोजेक्टरपासून वीतभरच्या थोडा पलीकडे होता. दोघं जवळजवळ एकाच जागेवरून बघत असतील तर ‘किती लांब’ यातली चूक त्या नजरेच्या रेषेतच मागेपुढे होते, बाजूला फारशी जात नाही. कॅमेरा मीटरभर लांब असता तर चित्र तीन सेंटिमीटरहून जास्त घसरलं असतं. महागडे सेन्सर ज्या अचूकतेचे पैसे घेतात त्यातली बरीचशी नुसती जागा नीट निवडून फुकट मिळते ती अशी.

पायरी ३: कॅमेऱ्याची ओळख

लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ओपनसीव्ही घाला, आवृत्ती ४.७ किंवा पुढची, कारण तिथपासून अरुको मुख्य पॅकेजमध्येच आहे. जुने व्हिडिओ बघून ‘कॉन्ट्रिब’ हे वेगळं जोडपॅकेज शोधत बसू नका. जुना कोडही नव्या आवृत्तीत तसाच चालत नाही.

बुद्धिबळाच्या पटाचं प्रिंट सपाट काचेवर किंवा लादीवर चिकटवा, वेगवेगळ्या कोनांतून वीस-पंचवीस फोटो घ्या आणि ओपनसीव्हीच्या कॅलिब्रेशनला द्या. पट मधोमध धरून सगळे फोटो काढू नका, कोपऱ्यांतही न्या, भिंगाचा बाक तिथेच असतो. मिळालेले आकडे फाईलमध्ये ठेवा. हे एकदाच.

पायरी ४: प्रोजेक्टरची ओळख

ही पायरी घाईत उरकू नका.

आपल्याला हवंय असं कोष्टक, की कॅमेऱ्याने ‘हा बिंदू अवकाशात अमुक जागी आहे’ म्हटलं की प्रोजेक्टरचा कुठला ठिपका तिथे पडेल ते सांगता यावं. तीन ओळी, चार स्तंभ, बारा आकडे. त्यातलं एकूण प्रमाण मोकळं असल्याने खरे अज्ञात अकरा. जुळवलेला प्रत्येक बिंदू दोन समीकरणं देतो, म्हणजे कमीत कमी सहा बिंदू लागतात. प्रत्यक्षात चोवीस घ्या.

फळीच्या मध्यावर पेनने बारीक फुली काढा. प्रोजेक्टरमधून ठरलेल्या ठिपक्यावर प्रकाशाची फुली टाका. फळी हलवून दोन्ही फुल्या एकमेकींवर आणा, श्वास रोखा, आणि दुसऱ्या कुणाला तरी स्पेस बार दाबायला सांगा. प्रोग्रॅम फळीची जागा आणि ठिपका दोन्ही टिपतो. असे आठ बिंदू जमिनीवर, आठ उलट्या बादलीवर, आठ स्टुलावर.

बादली आणि स्टूल गाळू नका. पहिल्यांदा मी चोवीसच्या चोवीस बिंदू जमिनीवर घेतले, सोपं होतं म्हणून. जमिनीवर चित्र इतकं सुबक बसलं की घरच्यांना हाका मारल्या. फळी वीतभर उचलली आणि हत्ती भिंतीवर चढला. सगळे बिंदू एकाच पातळीत असले की उंचीबद्दल त्या समीकरणांना काहीच माहीत नसतं, पण उत्तर मात्र ती बिनदिक्कत देतात.

समीकरणं सोडवणं म्हणजे पायथनच्या नमपाय या गणिताच्या पॅकेजमधलं ‘एसव्हीडी’ हे तयार फंक्शन, दहा-बारा ओळींचा कोड. मग तेच चोवीस बिंदू उलट तपासा. सरासरी चूक दोन-तीन ठिपक्यांत असेल तर छान. एखादाच बिंदू दहा ठिपके चुकत असेल तर हात हलला होता, तेवढा काढून टाका आणि पुन्हा सोडवा.

पायरी ५: चालू करणं

दर फ्रेमला चारच कामं. मार्कर शोधणं, त्यांच्यावरून फळीची जागा काढणं, फळीचे चार कोपरे वरच्या कोष्टकातून प्रोजेक्टरच्या ठिपक्यांत नेणं, आणि चित्राचा हवा तो तुकडा त्या चार कोपऱ्यांत ताणून बसवणं. या प्रत्येकाला ओपनसीव्हीत तयार फंक्शन आहे. दोन किंवा जास्त मार्कर दिसत असतील तर सगळ्यांचे कोपरे एकत्रच ‘सॉल्व्ह पीएनपी’ या जागा काढणाऱ्या फंक्शनला द्या. एकट्या लहान मार्करवरून फळी पुढे कललीय की मागे, याचा गोंधळ होतो आणि चित्र मध्येच टणकन उलटं कलतं.

कुठला तुकडा दाखवायचा ते फळीच्या मध्याच्या जागेवरून ठरवा, प्रमाण उंचीवरून. जमिनीवर दहास एक, ६० सेंटिमीटर उंचीवर पंचेचाळीसास एक. तिथे १८ मीटरचा हत्ती ४० सेंटिमीटरच्या फळीत, मार्करांखाली झाकला जाणारा भाग सोडला तर, पुरा बसतो. उंची वाढते तसा प्रोजेक्टरच्या प्रकाशाचा सुळका मात्र अरुंद होतो, ६० सेंटिमीटरवर १.८ मीटरऐवजी १.३७ मीटरच रुंदी उरते. वर नेल्यावर कडेचं चित्र कापलं गेलं तर ते यामुळे, बिघाड समजू नका.

आता अंधाराची गंमत. पडवी काळोखी, प्रोजेक्टर फक्त फळीवर चित्र टाकतोय. कुणी फळी झटक्यात हलवली. कॅमेऱ्याला क्षणभर मार्कर दिसले नाहीत, म्हणून प्रोग्रॅमने चित्र बंद केलं. चित्र बंद म्हणजे उजेड बंद, आणि काळोखात मार्कर पुन्हा दिसणार कसे? सगळं जे बसतं ते बसतंच. उपाय दोन, दोन्ही करा. मार्करांच्या चौकोनांवर प्रोजेक्टरने कायम साधा पांढरा उजेड टाकायचा, चित्र उरलेल्या भागातच. आणि कोपऱ्यात एक झिरोचा बल्ब चालू ठेवायचा.

राहिला उशीर. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो, म्हणजे तिथेच ३३ मिलिसेकंद गेले. पुढे हिशेब आणि प्रोजेक्टरचा स्वतःचा वेळ धरून दहावा सेकंद सहज होतो. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकत असेल तर चित्र फळीच्या मागे ३ सेंटिमीटर लोंबकळतं. प्रोजेक्टरमध्ये ‘गेम मोड’ (चित्र कमी उशिराने टाकण्याची सोय) असेल तर तो लावा. त्यावर आणखी एक पेच आहे: फळी स्थिर असताना चित्र थरथरतं, थरथर घालवायला सरासरी घ्यावी तर उशीर वाढतो. २०१२ मध्ये कासिए, रुसेल आणि फोगेल यांनी मांडलेला ‘वन यूरो फिल्टर’ इथे नेमका कामाचा. हात मंद असेल तेव्हा जास्त गुळगुळीत करतो, वेगात असेल तेव्हा जवळजवळ काहीच करत नाही. कोड पानभरसुद्धा नाही, दोन आकडे फिरवून बघायचे. डोळ्याला थरथर मंद हातात कळते आणि उशीर वेगात कळतो, एवढ्या निरीक्षणावर तो उभा आहे.

चित्र कुठून आणायचं

इंटरनेटवरचे फोटो उचलू नका. स्वतः जाऊन काढा, कशेळीच पाहिजे असं नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यांतली काही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ड्रोनला परवानग्यांची भानगड असते, त्यापेक्षा लांब काठीला मोबाईल बांधून, एकमेकांवर निम्मे येतील असे फोटो काढा आणि घरी जोडा. वेळ सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरची. तिरक्या उन्हात चरात सावली पडते आणि रेघ उठून दिसते. दुपारी बारा वाजता गेलात तर नुसता तापलेला कातळ. पावसाळ्यात चरांत पाणी आणि गवत असतं, तेव्हा जानेवारी ते मे बरा. चर उठून दिसावेत म्हणून खडू किंवा चुना भरू नका, कोरलेल्या जागेवर पायही देऊ नका.

शेजारचे तात्या पहिल्या दिवशी बघायला आले होते. त्यांचं आजोळ त्याच बाजूचं. त्यांनी फळी चटईवरून बराच वेळ नुसती सरकवली, चर बोटाने गिरवत. मग कुणी न सांगता ती हळूहळू छातीपर्यंत उचलली. हत्ती पुरा झाला तसे थांबले. “म्हणजे आम्ही लहानपणी ह्याच्या पोटावरनं गुरं नेत होतो,” म्हणाले, आणि फळी परत खाली नेऊन सोंडेकडचा भाग शोधायला लागले.

फक्त मोबाईलवर करायचं असेल तर

प्रोजेक्टर परवडत नसेल तर मार्करांचा कागद जमिनीवर पसरा आणि जुना अँड्रॉइड फोन त्यावर धरा. फोनचा मागचा कॅमेरा मार्कर बघतो, पडदा पुढे आहेच. पायरी ४ करावीच लागत नाही. पडदा लहान आणि एकाच माणसाला दिसणारा, हा तोटा. ब्राउझरमध्ये करणार असाल तर लॅपटॉपवरून साध्या एचटीटीपी पत्त्याने पान उघडून फोनचा कॅमेरा चालू होत नाही, त्याला एचटीटीपीएस लागतं. यात अनेकांचा अख्खा दिवस जातो.

पावसाआधी

मेअखेर प्रोजेक्टर आणि वेबकॅम उतरवा. पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी धरते. उतरवण्याआधी तुळईवर प्रोजेक्टरच्या पायांच्या खुणा रंगाने करा आणि प्रोजेक्टरच्या झूमवरची चिकटपट्टी काढू नका. फळ्या सपाट ठेवा, उभ्या टेकवून नकोत. दसऱ्यानंतर पुन्हा टांगाल तेव्हा पायरी ३ करायची गरज नाही. पायरी ४ मात्र पुन्हा करावीच लागते, खुणा कितीही नेमक्या असल्या तरी. बादली, स्टूल आणि स्पेस बार दाबायला एक माणूस असेल तर पाऊण तासाचं काम.